टाकीतल्या गोगलगायी: आधी दाणा तोडा, मग हात घाला

माशांच्या टाकीच्या काचेवर पहिल्या दहा-बारा बारीक गोगलगायी दिसल्या की बहुतेक जण तीन गोष्टी करतात, आणि त्याही याच क्रमाने. आधी दुकानातून औषध आणतात. त्याने भागलं नाही की गोगलगायी खाणारा मासा आणतात. तोही थकला की टाकी रिकामी करून घासतात. दीड-दोन महिन्यांनी काचेवर पुन्हा तेवढ्याच गोगलगायी. टाकीत रोज दाणा किती पडतो, याचा हिशेब या सगळ्यात एकदाही होत नाही.

गोगलगायी जेवढं शिल्लक अन्न तेवढ्याच वाढतात. शंभर गोगलगायींचं अन्न ठेवून तुम्ही साठ मारल्या, तर उरलेल्या चाळिसांना मेजवानी मिळते आणि भरपाई होते. म्हणून खाली दिलेले टप्पे उलटसुलट करू नका. पहिले पाच टप्पे नीट झाले तर पुढच्या दोनांची बहुतेक टाक्यांना गरज पडत नाही. शेवटचा मात्र कुणालाच चुकत नाही.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत: लांब चिमटा, बारीक जाळीची चहाची गाळणी (ती पुन्हा चहाला वापरायची नाही), मुदत संपलेलं एटीएम कार्ड, दीड मीटर एअर ट्यूब (हवेच्या पंपाला लावतात ती बारीक नळी), टॉर्च, साबण कधीही न लागलेली एक बादली, झाकणाचा डबा आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अमोनिया तपासायचं किट असेल तर उत्तम.

वेळ सहा ते आठ आठवडे लागतो. हे आधीच मनाशी ठरवा, कारण पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसत नाही. आज तुम्ही मोठ्या गोगलगायी काढता, पण पानांखाली चिकटलेली अंडी आठ-पंधरा दिवस फुटत राहतात. तिसऱ्या आठवड्यात काचेवर मोहरीएवढी पिल्लं दिसली की लोक म्हणतात, ‘काही उपयोग नाही’, आणि सोडून देतात. ती जुनीच अंडी असतात.

थांबा: या आठ आठवड्यांत टाकीत एकही नवीन वनस्पती, लाकूड किंवा मित्राने दिलेली मॉसची जुडी जाणार नाही.

## टप्पा १: कोण आहे ते ओळखा

एक गोगलगाय काढून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवा आणि पाच मिनिटं बघा. चार प्रकार नेहमी सापडतात.

ब्लॅडर स्नेल. पातळ, चकचकीत, तपकिरी शंख, जेमतेम एक सेंटिमीटर. शंखाचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे धरा. तोंड डाव्या बाजूला आलं तर हीच. शिंगं दोऱ्यासारखी बारीक असतात. ही सगळ्यांत चपळ. काचेवरून खरोखर पळते आणि हात लावला की टपकन खाली पडते. अंडी पारदर्शक जेलीच्या लहान वळलेल्या पट्टीत.

रॅम्सहॉर्न. चकलीसारखा चपटा गुंडाळलेला शंख. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे फिकट शंखाच्या गोगलगायी लालसर दिसतात. अंडी चपट्या, गोल, पिवळसर चकतीत.

ट्रम्पेट स्नेल. लांब, निमुळता, मळसूत्रासारखा शंख, तोंडाला कडक झाकण. दिवसा वाळूत, रात्री वर. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि त्यासाठी नराची गरजही नसते.

पाँड स्नेल. ब्लॅडरसारखीच दिसते, पण तोंड उजवीकडे आणि शिंगं चपटी, त्रिकोणी. चौघांत निरोगी पानं खायची खोड हिलाच.

आणखी एक गोष्ट दिसेल, ती उगाच खरवडत बसू नका. लाकडावर किंवा काचेवर तिळासारखे पांढरे, कडक ठिपके असतील तर ती तुम्ही हौसेने आणलेल्या नेराइट गोगलगायीची अंडी आहेत. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं मोठी होत नाहीत.

ओळख इतकी महत्त्वाची का? ट्रम्पेट असेल तर पानांखाली अंडी शोधण्यात घालवलेला रविवार फुकट. ब्लॅडर किंवा रॅम्सहॉर्न असेल तर वाळू उपसण्यात घालवलेला रविवार फुकट. आणि ‘मी एकच आणली होती, मग इतक्या झाल्या कशा’ हा प्रश्न तर विचारूच नका. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न उभयलिंगी असतात, ट्रम्पेटची मादी एकटीच पुरते. एक म्हणजे पुष्कळ.

तपासा: पानांना भोकं आहेत म्हणून गोगलगायींवर राग काढताय का? जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं आणि त्यांच्या कडेला पिवळं असेल तर ती बहुधा पोटॅशियमची कमतरता. आधी पान मऊ पडतं, मग गोगलगाय तिथे येते. आपण तिला तिथे जेवताना पाहतो आणि चोर ठरवतो. खत सुधारलं नाही तर सगळ्या गोगलगायी काढूनही भोकं पडत राहतील.

## टप्पा २: मोजा

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात. पण मोजल्याशिवाय ‘कमी झाल्यासारख्या वाटतात’ एवढंच कळतं, आणि तसं वाटणं आपल्या मूडवर अवलंबून असतं.

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घ्या. फक्त समोरच्या काचेवरच्या गोगलगायी मोजा आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी. माझ्या अडीच फुटी टाकीत पहिल्या रात्रीचा आकडा ८४ होता. तोवर मी सगळ्यांना ‘वीसेक असतील’ असं सांगत होतो.

तपासा: वाळूत राहणाऱ्या ट्रम्पेट गोगलगायी भर दिवसा थव्याने काचेवर चढून पाण्याच्या पातळीशी जमल्या असतील, तर तो गोगलगायींचा प्रश्न नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे किंवा अमोनिया वाढला आहे. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) लावला असेल तर आधी तो बंद करा, एअर पंप चालू करा, तिसरा हिस्सा पाणी बदला. बाकीचं नंतर.

## टप्पा ३: दाणा तोडा

सगळा निकाल इथे लागतो.

मासे दिवसातून एकदाच, आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच खातील, असा नियम ठेवा. दोन मिनिटांनंतर एकही दाणा तळाकडे जाताना दिसला तर उद्या त्याहून कमी. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. मोठ्या, निरोगी माशांना एका दिवसाच्या उपासाने काही होत नाही; आमच्याकडे शनिवार धरला आहे, म्हणजे घरातल्या बाकीच्या उपासकऱ्यांबरोबर तेही. पिल्लं वाढवत असाल तर हा नियम त्यांना लावू नका, ती वेगळ्या टाकीत ठेवा.

नियम सोपा असूनही फसतो, कारण दाणा टाकणारे हात अनेक असतात. सकाळी तुम्ही, दुपारी आजोबा (‘मासे तोंड वर करून बघत होते बिचारे’), संध्याकाळी शाळेतून आलेली मुलगी. प्रत्येकाचा चिमूटभर. यावर मला सापडलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी. रविवारी सहा दिवसांचा दाणा मोजून भरायचा, उपासाचा खण रिकामा, मूळ डबा कपाटात वर ठेवायचा. आजचा खण रिकामा म्हणजे आजचं जेवण झालं. कुणाला रागवावं लागत नाही. दाणा कुणी टाकायचा यावरून घरात आता भांडण होतं ते वेगळं.

दुसरी गळती म्हणजे सुट्टी. गणपतीला किंवा दिवाळीत आठ-दहा दिवस गावी जायचं, शेजाऱ्यांकडे किल्ली आणि दाण्याचा डबा द्यायचा, आणि ते बिचारे प्रेमाने रोज बोटभर दाणा ओततात. परत येईपर्यंत तळाला पांढरी बुरशी आणि महिन्याभरात गोगलगायींचा पूर. ‘गणपतीनंतर अचानक झाल्या’ असं सांगणाऱ्यांना मी आधी शेजाऱ्यांबद्दल विचारतो. आठवड्याभरासाठी जात असाल तर जुन्या, बसलेल्या टाकीतले मोठे मासे उपाशी राहू शकतात. जास्त दिवस असतील तर कागदाच्या पुड्या करून तारखा घाला आणि तेवढ्याच पुड्या शेजाऱ्यांकडे द्या. डबा देऊ नका.

तळाशी राहणारे मासे असतील, कोरिडोरास वगैरे, तर त्यांच्या बुडणाऱ्या गोळ्यांवर गोगलगायी आधी पोचतात. त्यासाठी तळाला काचेची छोटी वाटी किंवा बशी ठेवा. गोळी त्यातच टाकायची आणि तासाभराने उरलेली गोळी बशीसकट उचलायची. बशीवर जमलेल्या गोगलगायी तेवढ्याच कमी.

थांबा: दाणा कमी करायचा म्हणजे माशांना वाळवायचं नाही. माशाची पाठ बारीक आणि डोकं मोठं दिसू लागलं तर तुम्ही टोक गाठलंत. पोट किंचित गोल, पण फुगलेलं नाही, हे बरोबर.

## टप्पा ४: टाकीतलं दुसरं ताट उचला

दाण्याखेरीज गोगलगायींची तीन ताटं असतात: सडकी पानं, शेवाळं आणि गाळ.

पिवळी, चिकट, अर्धपारदर्शक झालेली पानं देठापासून कापा. ‘परत हिरवं होईल’ अशी आशा धरू नका, पान परत हिरवं होत नाही. नवीन लावलेल्या क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळतात. तीही काढा, खालचा गड्डा जिवंत असतो.

शेवाळं असेल तर दिव्याचे तास बघा. दहा-अकरा तास दिवा चालू असेल तर सहा-सातवर आणा, आणि त्यासाठी साधा टायमर लावा. खिडकीचं थेट ऊन येत असेल तर पडदा.

मग गाळ. मोकळ्या वाळूवरून सायफन फिरवा. दाट झाडांच्या मुळाशी खोल खुपसू नका, तिथला गाळ मुळांना हवा असतो. अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची खताळ माती) असेल तर फक्त वरवर.

फिल्टर बहुतेक जण विसरतात. हँगऑन, म्हणजे टाकीच्या कडेला टांगायच्या फिल्टरच्या मागच्या कप्प्यात अंधार, अन्न आणि वाहतं पाणी असतं. कोणी मासा तिथे येत नाही. माझ्या फिल्टरची घरघर वाढली म्हणून उघडला तर इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) पात्यात दोन शंख अडकलेले आणि स्पाँजच्या मागे चाळीसेक गोगलगायी बसलेल्या. टाकी मी दर आठवड्याला वेचत होतो, आणि तिथून नवीन फौज येत होती.

स्पाँज आणि मीडिया (फिल्टरमधले पाणी गाळणारे तुकडे) टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, दाबून धुवा. नळाखाली धरू नका. क्लोरिनने उपयोगी जिवाणू मरतात आणि तुमच्या पुढे गोगलगायींपेक्षा मोठं संकट उभं राहतं. गोगलगायी चिमट्याने वेचा. पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांचा स्पाँज चढवा, म्हणजे नवीन पिल्लं आत खेचली जाणार नाहीत.

तपासा: तिसरा आणि चौथा टप्पा सुरू होऊन तीन आठवडे झाले. कॅलेंडरवरचा आकडा वाढणं थांबलं आहे का? थांबलं नसेल तर पुढे जाऊ नका. कुठेतरी अजून दाणा पडतो आहे.

## टप्पा ५: हाताने काढा

आता काढलेली प्रत्येक गोगलगाय खरोखर कमी होते, कारण तिची जागा भरून काढायला अन्न उरलेलं नाही.

पाणी बदलण्याच्या दिवशी. आधी गोगलगायी, मग पाणी. एअर ट्यूबचा सायफन करून तिचं टोक एकेका ब्लॅडर किंवा छोट्या रॅम्सहॉर्नजवळ न्या. ती खेचली जाते आणि बादलीवर ठेवलेल्या गाळणीत पडते. ट्यूब बारीक असल्यामुळे पंधरा मिनिटांत फार पाणी जात नाही. काचेवरची अंडी एटीएम कार्डाने खरवडताना ट्यूबचं टोक कार्डाला लावून ठेवा, नाहीतर जेलीचा पुंजका तरंगत जाऊन मॉसमध्ये अडकतो आणि तिथेच फुटतो. अनुबियासच्या पानांची खालची बाजू अंगठ्याने चाचपा. डोळ्यांना दिसत नाही ती जेली अंगठ्याला लगेच कळते.

काकडीचा सापळा. काकडीची एक सेंटिमीटर जाड चकती कापून मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवा. दुधी किंवा पालकाचं पानही चालतं. चकतीत स्टीलचा काटा खुपसा, म्हणजे ती बुडून राहील. दिवे बंद झाल्यावर ठेवायची आणि दोन तासांनी काढायची. चूक बहुतेकांची काढताना होते. चकती हलली की गोगलगायी पकड सोडून खाली पडतात, आणि वर येते ती नुसती काकडी. आधी तिच्याखाली जाळी सरकवा, मग दोन्ही एकत्र, सावकाश उचला.

रात्रभर चकती ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी काढणाऱ्यांनी हा सापळा न लावलेलाच बरा. तोवर काकडीचा लगदा झालेला असतो आणि गोगलगायी जेवून घरी गेलेल्या असतात.

ट्रम्पेटसाठी बाटली. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली खांद्याशी कापा, वरचा भाग उलटा आत बसवा, आत दोन बुडणाऱ्या गोळ्या टाका आणि तोंड वाळूला टेकेल अशी आडवी ठेवा. सकाळी उठल्या उठल्या काढा. छोटे मासे आणि श्रिंपही (शोभेची बारीक कोळंबी) आत शिरतात, म्हणून उशीर नको.

थांबा: काढलेल्या गोगलगायी नाल्यात, तळ्यात, विहिरीत किंवा संडासात टाकायच्या नाहीत. आपल्याकडच्या काही गोड्या पाण्यातल्या गोगलगायी गुराढोरांना होणाऱ्या चपट्या कृमींच्या वाहक असतात, आणि बाहेरून आलेल्या जाती तळ्यात पसरल्या तर परत काढता येत नाहीत. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओल्या कचऱ्यात द्या, असं सगळे सांगतात. घरून परवानगी मिळाली तर तसं करा. मला मिळाली नाही. मी वर्तमानपत्रात गुंडाळून एका झटक्यात चिरडतो आणि कुंडीच्या मातीत चार बोटं खोल पुरतो. कापलेल्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून मगच टाका. काम झालं की हात साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हातमोजे.

मासे खातात म्हणून टाकीतच दोन-चार गोगलगायी चिरडायला हरकत नाही. पन्नास चिरडल्या तर तेवढं मांस पाण्यात सडतं.

## टप्पा ६: गोगलगायी खाणारे पाळावे का?

पाच टप्पे नीट करूनही आकडा अडून बसला असेल तरच. आणि एकच कसोटी लावा: गोगलगायी संपल्यावरही हा प्राणी मला टाकीत हवा आहे का? उत्तर नाही असेल तर आणू नका.

असॅसिन स्नेल माझी पहिली पसंती. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा निमुळता शंख. वाळूत पुरून बसते आणि नुसती सोंड बाहेर ठेवते. साधारण वीस लिटरला एक पुरते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. जेलीतली अंडी तिला फारशी आवडत नाहीत, म्हणून हाताने खरवडणं चालूच राहतं. हौसेने पाळलेली नेराइट टाकीत असेल तर तीही धोक्यात. आणि वाळू हवी, मोठी खडी नको.

लोच हे मासे गोगलगायी शंखातून ओढून खातात. दुकानात ‘झेब्रा लोच’ नावाने मिळणारा बोटिया स्ट्रायटा आपल्याच सह्याद्रीतला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ओढ्या-नद्यांतला मासा आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो धोक्यातल्या जातींमध्ये मोडतो. चार-सहा आठवड्यांच्या सफाईसाठी असा मासा आणायचा आणि मग दुकानात परत द्यायचा, हे मला पटत नाही. ठेवायचाच असेल तर पाच-सहांचा घोळका, सव्वाशे लिटरच्या पुढची टाकी आणि पुढची अनेक वर्षं. क्लाउन लोच तर फूटभर वाढतो. दोन फुटी टाकीसाठी तो विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. श्रिंप असतील तर कुठलाच लोच नको, गोगलगायींआधी तेच संपतील.

पी पफर हा केरळच्या नद्यांतला बोटाच्या पेराएवढा मासा गोगलगायींवर तुटून पडतो, आणि गप्पी-बेट्टाच्या शेपटांवरही. त्याच्यासाठी वेगळी टाकी असेल तर रॅम्सहॉर्न पकडून तिथे टाकत जा. ती गोगलगायींची सगळ्यांत चांगली विल्हेवाट.

## टप्पा ७: औषध, आणि ते मी का सांगत नाही

गोगलगायींवरच्या बहुतेक औषधांत तांबं असतं. मोरचूद म्हणजेही तांबंच. तांब्याने श्रिंप मरतात, काही वनस्पती करपतात, आणि ते वाळूत मुरून पुढे कित्येक महिने त्रास देऊ शकतं.

मी हे पुस्तकी सांगत नाही. एका दुकानदाराने मला बिनलेबलची निळ्या औषधाची बाटली दिली होती, ‘दहा थेंब टाका, झाडांना काही होत नाही’ असं सांगून. झाडांना खरंच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चेरी श्रिंप लालभडक होऊन आडवे पडलेले, चाळीसच्या चाळीस. ब्लॅडर अर्ध्याअधिक जिवंत. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये वास सुटला: वाळूत मेलेल्या ट्रम्पेट सडत होत्या, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. पुढचे आठ दिवस रोज अर्धं पाणी बदललं. त्या टाकीत श्रिंप परत टिकायला वर्ष गेलं.

तरीही वापरायचंच ठरवलं असेल तर आधी पाचव्या टप्प्याप्रमाणे निदान तीन चतुर्थांश गोगलगायी हाताने काढा. श्रिंप आणि असॅसिन दुसरीकडे हलवा. लेबलवर घटक लिहिलेला नसेल ती बाटली उघडू नका. औषध टाकल्यावर मेलेले शंख रोज काढा आणि अमोनिया रोज तपासा.

टाकीत मीठ टाकणं, सीओटू वाढवून गोगलगायी गुदमरवणं, टाकीत ब्लीच टाकणं हे उपाय कुणी सांगितले तर ऐकून घ्या आणि विसरा. मिठाने बऱ्याच वनस्पती जातात, सीओटूने मासे गोगलगायींच्या आधी जातात.

## टप्पा ८: नवीन वनस्पती आत घेताना

आकडा खाली आला. माझा नवव्या आठवड्यात ११ होता, आणि त्यावर मी समाधानी आहे. अकरा गोगलगायी काचेवरचं शेवाळं खातात आणि मेलेलं पान दोन दिवसांत साफ करतात. शून्याच्या मागे लागलो असतो तर वाळू फेकावी लागली असती. आता दार सांभाळायचं.

बंद कपातल्या, जेलीत वाढवलेल्या टिश्यू कल्चर वनस्पती घेतल्या तर गोगलगाय येतच नाही. जेली कोमट पाण्याने धुवा आणि लावा. महाग पडतात, पण वरचे आठ आठवडे आठवा.

कुंडीतली किंवा जुडीने मिळणारी वनस्पती असेल तर जुडीला बांधलेलं शिसं, स्पाँज, कुंडीतली लोकर सगळं काढून टाका; अंडी तिथेच लपतात. वाहत्या पाण्यात पानं दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. मग पुढच्यांपैकी एकच द्रावण निवडा.

तुरटी. दळलेली तुरटी, एक लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा. खडा टाकून बसू नका, विरघळायला फार वेळ लागतो. वनस्पती दोन ते तीन तास बुडवा, मग तीन पाण्यांतून खळबळा. नाजूक वनस्पतींना हीच बरी. गोगलगायी मरतात, अंड्यांची हमी नाही.

ब्लीच. अनुबियास, जावा फर्न अशा जाड पानांच्या वनस्पतींसाठीच. चार-पाच टक्क्यांचं साधं सोडियम हायपोक्लोराइट, सुगंध किंवा फेस नसलेलं, एक लिटर पाण्यात ५० मिलिलिटर. घड्याळ लावून दीड मिनिट, कमाल दोन. लगेच साध्या पाण्यात, मग दुप्पट अँटिक्लोरिन (क्लोरिन घालवायचं औषध) घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं. ब्लीचचा वास येईनासा झाला तरच टाकीत. मॉस, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट यांना ब्लीच लावलं तर दुसऱ्या दिवशी पालेभाजी होते.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ते लाल औषध, जंतुनाशक म्हणून चांगलं, पण अंड्यांवर त्याचा भरवसा धरू नका.

थांबा: दोन द्रावणं कधीही एकत्र करू नका, आणि एकाची बादली न धुता दुसऱ्याला वापरू नका. ब्लीचमध्ये तुरटी किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड गेलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. हे काम गॅलरीत, हातमोजे घालून, मुलं झोपल्यावर.

द्रावणानंतर वनस्पती थेट टाकीत नाही. आधी चार आठवडे बादलीत किंवा जुन्या बरणीत, खिडकीजवळ पण थेट ऊन नको, आठवड्याला अर्धं पाणी बदलून. वाचलेली अंडी या काळात फुटतात आणि पिल्लं दिसण्याएवढी मोठी होतात. त्यांना ओढून आणायला बादलीत पालकाचा एक तुकडा टाका आणि दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारा. एक जरी दिसली तर ती काढून चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

या बादलीत मासे नसतात, म्हणून तोंडावर मच्छरदाणीचं कापड ताणून रबराने बांधा. पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला घरोघर येतात, आणि गॅलरीतल्या उघड्या बादलीबद्दल ‘त्यात क्वारंटाइनची अनुबियास आहे’ हे उत्तर त्यांना चालत नाही. मी देऊन पाहिलं आहे.